शटर तोडण्याआधी धूर बघू द्या : खान्देशातील महापालिका आणि नगरपरिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, जळगाव व धुळे महानगरपालिका,
मा. मुख्याधिकारी, जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील सर्व नगरपरिषदा आणि नगरपंचायती.

विषय : इमारतीच्या आगीत धुराचे निरीक्षण करून पुढचा धोका ओळखण्याचे प्रशिक्षण अग्निशमन कर्मचाऱ्यांना देण्याबाबत.

महोदय / महोदया,

स.न.वि.वि.

अग्निशमन सेवेतून निवृत्त होऊन मी सध्या अमळनेर येथे राहतो. बंब जुने झाले आहेत, भरती रखडली आहे, चालक कंत्राटी आहेत, अशा स्वरूपाची निवेदने आपल्या टेबलावर नेहमीच येत असणार आणि त्यांतील बहुतेक रास्तच असतात. माझी मुख्य मागणी वेगळी आहे. तिच्यासाठी मोठी तरतूद लागत नाही, निविदा काढावी लागत नाही. पण ती मान्य झाली तर आगीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला पुढच्या मिनिटाभरात काय होणार आहे याचा अंदाज येऊ शकेल. हा अंदाज धुरावरून बांधता येतो. ज्वाळा दिसते तेव्हा आग कुठे आहे एवढेच कळते. ती कुठे जाणार आहे आणि कधी उसळणार आहे हे धूर सांगतो, आणि आपल्याकडे मात्र धुराला केवळ अडचण समजून, तोंडाला ओला रुमाल बांधून, त्यातून वाट काढण्याची सवय पडलेली आहे.

सर्वप्रथम एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. धूर म्हणजे जळून झालेल्या वस्तूचा उरलेला निरुपयोगी भाग, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. प्रत्यक्षात धुरात न जळलेले काजळीचे कण, तेलकट थेंब आणि कार्बन मोनॉक्साइडसारखे ज्वलनशील वायू असतात. म्हणजे धूर हे स्वतःच इंधन आहे. विझवलेल्या मेणबत्तीच्या वातीतून वर जाणाऱ्या धुराच्या रेघेला पेटती काडी लावली, तर ज्योत त्या रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते. हा प्रयोग कोणत्याही केंद्रावर दोन मिनिटांत दाखवता येतो. कार्बन मोनॉक्साइड हवेत साधारण साडेबारा ते चौऱ्याहत्तर टक्के या प्रमाणात असला की पेट घेऊ शकतो, आणि सुमारे 600 अंश सेल्सिअस तापमानाला त्याला ठिणगीचीही गरज उरत नाही. छताखाली साचलेला धूर 500 ते 600 अंशांपर्यंत तापला की त्याच्या उष्णतेने खोलीतील प्रत्येक वस्तू जवळजवळ एकाच वेळी पेटते. यालाच फ्लॅशओव्हर म्हणतात. त्या क्षणी खोलीत असलेला जवान, अंगावर पूर्ण संरक्षक पोशाख असला तरी, काही सेकंदांहून अधिक तग धरू शकत नाही.

जुन्या काळी या अवस्थेपर्यंत पोहोचायला आगीला बराच वेळ लागत असे. घरात लाकूड, सुती कापड, कापसाची गादी, पितळेची भांडी असा ऐवज असायचा. आज तालुक्याच्या गावातील साध्या घरातही फोमचा सोफा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, सिंथेटिक पडदे आणि प्लायवूडचे कपाट असते. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेने जुन्या आणि नव्या पद्धतीच्या सामानाने सजवलेल्या सारख्याच खोल्या पेटवून पाहिल्या, तेव्हा जुन्या पद्धतीच्या खोलीत फ्लॅशओव्हरला सुमारे अर्धा तास लागला आणि नव्या पद्धतीच्या खोलीत तो पाच मिनिटांच्या आत झाला. आपल्याकडे वर्दी मिळाल्यापासून बंब पोहोचेपर्यंत किती वेळ जातो, हे आपणांस माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. तालुक्याच्या ठिकाणाहून एखाद्या गावाला बंब जायचा असेल तर अर्धा तास हा चांगला वेळ समजावा लागतो. याचा अर्थ असा की आपले कर्मचारी आगीच्या पहिल्या टप्प्यावर क्वचितच पोहोचतात. ते पोहोचतात तेव्हा एक तर सगळे पेटून गेलेले असते, किंवा हवा न मिळाल्यामुळे आग दबा धरून बसलेली असते. दुसरी अवस्था पहिलीपेक्षा कितीतरी अधिक घातक असते, आणि ती ओळखण्याची खूण बाहेरून फक्त धुरातच दिसते.

जळगावच्या फुले मार्केटपासून धुळ्याच्या आग्रा रोडपर्यंत आणि शहाद्यापासून चाळीसगावपर्यंत आपल्या बाजारपेठेतील बहुतेक दुकानांची रचना सारखीच आहे. पुढे लोखंडी शटर, तिन्ही बाजूंना भिंती, वर पोटमाळा आणि पोटमाळ्यावर छतापर्यंत रचलेला माल. मागे दार असलेच तर त्याच्यापुढे खोकी लावलेली असतात. अशा दुकानात रात्री अकराला शटर पडल्यावर आग लागली, तर ती सुरुवातीला आतल्या हवेवर जळते. हवेत एरवी सुमारे 21 टक्के प्राणवायू असतो; तो साधारण 15 टक्क्यांच्या आसपास उतरला की ज्वाळा मंदावतात, पण उष्णता तशीच राहते आणि तापलेला माल ज्वलनशील वायू सोडत राहतो. बाहेरच्या माणसाला ज्वाळा दिसत नाही. त्याला वाटते, आग लहान आहे, आत्ताच आत शिरलो तर माल वाचेल. रस्त्यावर शंभर माणसे जमलेली असतात, दुकानमालक कासावीस झालेला असतो, कोणीतरी पहार घेऊन आलेला असतो, आणि चहूबाजूंनी एकच गलका होतो, ‘तोडा ना भो शटर!’

नेमके हेच शटर झटक्यात वर गेले की आत हवेचा लोट शिरतो, साचलेल्या तप्त धुराशी मिसळतो, आणि एखाद्या कोपऱ्यातील निखारा त्याला पेटवतो. मग दुकानातील सगळी आग स्फोटासारखी दारातून बाहेर येते, म्हणजे शटर उचलणाऱ्या माणसाच्या अंगावर येते. याला बॅकड्राफ्ट म्हणतात. हवा मिळाल्यापासून भडका उडेपर्यंत काही सेकंद जाऊ शकतात, कधी मिनिटभरही. त्यामुळे ‘शटर उघडले, काही झाले नाही’ म्हणून माणसे दोन पावले आत जातात आणि तिथे सापडतात.

बॅकड्राफ्टची चाहूल धूर देतो. शटरच्या फटींतून धूर एकसारखा न येता धापा टाकल्यासारखा येतो, क्षणभर बाहेर पडतो आणि क्षणभर आत ओढला जातो. काचेचे तावदान असेल तर ते आतून काळवंडलेले असते आणि त्यावर तेलकट ओघळ दिसतात. धुराचा रंग बऱ्याचदा पिवळसर करडा किंवा मळकट तपकिरी असतो. ज्वाळेचा मागमूस नसतो. आमच्या काळातील एक लिडिंग फायरमन शटरजवळ गेल्यावर सर्वांत आधी ब्रांचमधून, म्हणजे पाण्याच्या पाइपच्या टोकाच्या तोटीतून, थोडे पाणी शटरवर वरपासून खालपर्यंत उडवायचे आणि कंदिलाच्या उजेडात पत्र्याकडे बघत राहायचे. जिथवर पाणी पडताक्षणी वाफ होऊन उडत असे तिथवर आत तापलेला थर उतरलेला आहे, आणि जिथून ते ओघळून खाली येत असे तिथून थोडी निवांत हवा आहे, असा त्यांचा हिशेब असे. एका तालुक्याच्या गावी प्लॅस्टिकच्या मालाच्या दुकानासमोर हा पट्टा गुडघ्याच्या उंचीपर्यंत आलेला त्यांनी आम्हांला दाखवला. बाहेर लोक शिव्या देत होते. त्यांनी शटरला हात लावू दिला नाही. वरच्या अंगाला पत्रा कापून एक छोटे भोक पाडले, दोघांना शटरच्या दोन बाजूंना भिंतीला टेकून उभे केले, आणि त्या भोकातून पाण्याचा बारीक फवारा थांबून थांबून आत सोडत राहिले. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा व्यापते, उष्णता शोषून घेते आणि ज्वलनशील वायूंना विरळ करते. धापा टाकणे थांबल्यावर, धूर सुस्त आणि पांढुरका झाल्यावर, शटर हळूहळू उचलले गेले. माल बराचसा गेला होता. माणूस एकही भाजला नाही.

हे ज्ञान त्यांना कोणी वर्गात शिकवले नव्हते आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर ते त्या केंद्रातून निघूनही गेले. जगभरात आता धूर वाचण्याची पद्धत आखून दिलेली आहे, आणि ती आपल्या नव्या मुलांना माहीत नसणे यापुढे परवडणारे नाही. या पद्धतीत धुराच्या चार गोष्टी बघतात : तो किती आहे, किती जोराने येतो आहे, किती दाट आहे आणि कोणत्या रंगाचा आहे. यांतील शेवटची गोष्ट लोक सर्वांत आधी सांगतात, आणि तीच सर्वांत फसवी असते. म्हणून मी जोराबद्दल आधी लिहितो.

धुराला जोर दोन कारणांनी येतो. एक म्हणजे उष्णता, आणि दुसरे म्हणजे जागा भरून गेल्यामुळे आलेला दाब. चुलीवरचा धूर सावकाश वळणे घेत वर जातो. कुकरच्या शिट्टीतून येणारी वाफ सरळ रेषेत फेकली जाते. उष्णतेने ढकललेला धूर बाहेर पडल्यावर वर चढतो आणि चढता चढता मंदावतो. जागा भरल्यामुळे बाहेर पडलेला धूर दाराबाहेर येताच वेग गमावतो. पण त्याहून महत्त्वाचा फरक त्याच्या चालीत असतो. धूर जोपर्यंत गुळगुळीत पट्ट्यासारखा वाहतो आहे, तोपर्यंत भिंती, छत, सामान अजून उष्णता शोषून घेत आहेत, असे समजावे. तोच धूर उकळल्यासारखा, घुसळल्यासारखा, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे गोळे काढत येऊ लागला की खोली आता आणखी उष्णता सामावून घेऊ शकत नाही, आणि फ्लॅशओव्हर अगदी दाराशी आलेला आहे. असा खवळलेला, दाट, काळा धूर दिसला तर त्याला धूर म्हणूच नये, ती काळी आगच असते. तिच्यावर पाणी मारून तिला गार करायचे असते, तिच्याखालून रांगत आत जायचे नसते. आपल्याकडील कित्येक जवान धुरावर पाणी मारणे म्हणजे पाणी वाया घालवणे असे मानतात. बंबात पाणी मोजकेच असते, म्हणून ही समजूत रुजली असावी. ती बदलायला हवी.

धूर किती आहे हे इमारतीच्या आकाराशी ताडून बघावे लागते. पानटपरीच्या चारही बाजूंनी धूर निघाला तरी आग बादलीभर असू शकते. एमआयडीसीतील उंच पत्र्याच्या गोदामाच्या छपराखालून पातळसा धूर निघताना दिसला, तर मात्र एवढे मोठे पोट भरून धूर बाहेर सांडायला लागला आहे, म्हणजे आत आग मोठी आहे, असा अर्थ होतो. धूर जितका दाट तितके त्यात न जळलेले इंधन अधिक. इमारतीला अनेक उघडी तोंडे असतील, तर सारख्या आकाराच्या फटींची तुलना करायची : ज्या फटीतून सर्वांत जोराने आणि सर्वांत काळा धूर येतो, आग तिच्या जवळ असते. लांबून आलेला धूर वाटेत थंड होतो, काजळी भिंतींना देऊन टाकतो आणि फिकट होतो. म्हणून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून पांढरट धूर निघतो आहे एवढ्यावरून शिडी तिसऱ्या मजल्याला लावू नये. तो तळघरातील गोदामातून जिन्याने वर आलेला असू शकतो. व्यापारी संकुलांचे सामायिक जिने आणि केबलच्या पोकळ्या यांमुळे असे हमखास होते. आणि हे सारे बघण्यासाठी इमारतीभोवती एक पूर्ण फेरी मारावी लागते. आपल्याकडे बंब पुढच्या दाराशी उभा राहतो आणि सगळे पुढच्याच दाराकडे बघतात. मागच्या गल्लीत जाणे अशक्य असेल, तर शेजारच्या गच्चीवर एक माणूस पाठवता येतो.

आता रंगाबद्दल. काळा धूर म्हणजे प्लॅस्टिक किंवा तेल, पांढरा म्हणजे वाफ, असे ठोकळेबाज सूत्र अनेकांच्या तोंडी आहे. आजच्या इमारतींत सगळे मिसळून जळते, त्यामुळे रंगावरून पदार्थ ओळखण्याच्या नादी फारसे लागू नये. तापायला नुकतीच सुरुवात झालेल्या जवळपास सर्वच वस्तू आधी पांढरट धूर सोडतात. इलेक्ट्रिक दुचाकींच्या लिथियम बॅटऱ्या बिघडून तापू लागतात तेव्हा त्यांतून निघणारा पांढरा ढग वाफेसारखा दिसतो, पण तो ज्वलनशील वायूंचा असतो आणि बंद जागेत स्फोट होऊ शकतो. अशा दुचाकींची विक्री आणि दुरुस्ती करणारी दुकाने आता आपल्या प्रत्येक गावात आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले. नायट्रिक ॲसिडचा संबंध असलेल्या ठिकाणी तांबूस तपकिरी वायू दिसला, तर तो नायट्रोजन डायऑक्साइड असण्याची शक्यता धरून वाऱ्याच्या वरच्या अंगालाच थांबले पाहिजे. 31 ऑगस्ट 2019 रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडी येथे रासायनिक कारखान्यात झालेल्या स्फोटात दहाहून अधिक जीव गेले. खान्देशात कारखान्यांची आग ही आता मुंबई-पुण्याची गोष्ट राहिलेली नाही.

रंगाची एक खूण मात्र मी कधीही दुर्लक्षित करणार नाही, आणि ती आपल्या जुन्या वस्त्यांसाठी आहे. लाकडी बांधकामाच्या इमारतीतून तपकिरी धूर येऊ लागला, की आग सामानावरून सरकून तुळया, सरे आणि खांबांपर्यंत पोहोचली असण्याची शक्यता असते. आपल्याकडील धाब्याच्या घरांत सागवानी तुळयांवर मातीचा जाड थर असतो, आणि पावसाळ्यात तो भिजून आणखी जड झालेला असतो. तुळई आतून जळत असताना हे सगळे ओझे खालच्या माणसाच्या डोक्यावर लटकत असते. 9 मे 2015 रोजी मुंबईच्या काळबादेवी भागातील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला लागलेल्या आगीत इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाने आपले चार अनुभवी अधिकारी गमावले. त्या दिवशी धूर कसा होता यावर मी घरी बसून भाष्य करणार नाही. परंतु ज्या दलाकडे राज्यातील सर्वांत अधिक साधने आणि अनुभव आहे त्याच्यावरही जुनी लाकडी इमारत अशी उलटते, तर पारोळा, धरणगाव, यावलच्या जुन्या पेठांत दोन-तीन माणसांचा चमू कोणत्या भरवशावर आत पाठवायचा, हा प्रश्न आपण स्वतःला विचारावा, अशी विनंती आहे.

आपल्या भागातील दोन धंद्यांकडे विशेष लक्ष वेधतो. पहिला कापसाचा. जिनिंगच्या आवारातील कापसाची गंजी किंवा दाबून बांधलेली गाठ पेटते तेव्हा वरून विझल्यासारखी दिसते, आणि आत धुमसत राहते. तिचा धूर पांढरट, संथ, फारसा न चढणारा असतो. वर सांगितलेल्या सगळ्या खुणा लावून बघितल्या तर तो निरुपद्रवी वाटेल. पण धुमसणारा कापूस भरपूर कार्बन मोनॉक्साइड सोडतो, ज्याला ना रंग ना वास, आणि ओल्या रुमालाने तो अजिबात अडत नाही. बंद शेडमध्ये गाठी हलवायला गेलेला मजूर चक्कर येऊन पडतो तो यामुळे. कापसाच्या धुराने आपल्या सेवेला जन्मभराची आठवण दिलेली आहे : 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या फोर्ट स्टिकिन या जहाजावर कापसाच्या गाठी होत्या आणि जवळच स्फोटके होती. दुपारपासून जहाजात शेकडो टन पाणी ओतले गेले, तरी दाट धुरामुळे आगीचे नेमके ठिकाण सापडेना. चारच्या सुमारास जहाजाचा स्फोट झाला. त्यात 66 अग्निशमन जवान गेले आणि त्यांच्याच स्मरणार्थ आपण दरवर्षी 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतो. सप्ताहात आपण हार घालतो, बंबांची फेरी काढतो. त्या जहाजाच्या धुराविषयी मात्र कोणी बोलत नाही.

दुसरा धंदा केळीचा. रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळी पिकवण्याची आणि साठवण्याची वातानुकूलित गोदामे आहेत. त्यांच्या भिंती उष्णता अडवण्यासाठी फोम किंवा थर्माकोल भरलेल्या पॅनेलच्या असतात, खिडक्या नसतात, दारे घट्ट बसतात. पॅनेलच्या आतल्या फोमला आग लागली तर ती भिंतीच्या पोटातून पळते आणि धूर भलत्याच सांध्यातून बाहेर डोकावतो. आतली खोली मात्र बराच वेळ स्वच्छ वाटते. अमेरिकेतील वूस्टर शहरात 3 डिसेंबर 1999 रोजी अशाच खिडक्या नसलेल्या, जुन्या शीतगृहाच्या इमारतीत जवान शोधासाठी शिरले तेव्हा आत धूर विरळ होता, हालचाल करता येत होती. मग स्थिती अचानक पालटली, काहीच दिसेना, आणि सहा जण परत आले नाहीत. विरळ धूर म्हणजे लहान आग, हा निष्कर्ष शीतगृहात कधीही काढू नये. फोम जळताना हायड्रोजन सायनाइड आणि पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो, हेही ध्यानात असावे. जळगावच्या औद्योगिक वसाहतीत पाइप आणि चटया बनवणाऱ्या कारखान्यांची संख्या पाहता दुसरा वायू आपल्या जवानांच्या रोजच्या ओळखीचा आहे.

हवामानाचाही परिणाम होतो, तो थोडक्यात सांगतो. मे महिन्यात भुसावळला पारा पंचेचाळिशीकडे जातो तेव्हा बाहेरची हवाच तापलेली असल्याने आधीच थंडावलेला धूर वर चढत नाही, रस्त्यावरच रेंगाळतो. हिवाळ्याच्या पहाटे सातपुड्याच्या पायथ्याला तो थंड हवेच्या थराखाली दबून राहतो. म्हणून उंचावर किती धूर दिसतो यापेक्षा तो फटीतून बाहेर पडताना कसा आहे, यावर विसंबावे. आणि पाणी मारायला सुरुवात केल्यावरही धुरावरची नजर काढू नये. पाणी आगीपर्यंत पोहोचत असेल तर धुराचा जोर मोडतो आणि रंग वाफेकडे झुकतो. थोड्याच वेळात असा फरक दिसला नाही, तर पाणी दुसरीकडेच पडते आहे. अशा वेळी आणखी एक बंब मागवण्याआधी ब्रांचची जागा बदलून बघावी.

हे वाचून आपण म्हणाल की यात आम्ही काय करावे. माझ्या अपेक्षा पुढीलप्रमाणे आहेत.

सर्वांत सोपे म्हणजे, आपल्याच गावातील आगींचे चित्रीकरण नागरिकांच्या मोबाइलमध्ये पडून आहे. ते मागवून घ्यावे. केंद्रावर कर्मचाऱ्यांना बसवून पहिले दहा सेकंद दाखवावेत, चित्र थांबवावे आणि विचारावे : आग कुठे आहे, काय होणार आहे, तुम्ही कुठे उभे राहाल? मग पुढचे चित्र दाखवावे. प्लायवूडची दोन-तीन कप्प्यांची छोटी घरे करून मोकळ्या मैदानात पेटवून फ्लॅशओव्हर आणि बॅकड्राफ्ट दाखवण्याची पद्धत प्रशिक्षण संस्थांत रूढ आहे. सुताराचा एक दिवस आणि थोडा लाकूडफाटा एवढाच खर्च. नागपूरचे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्यापासून फार दूर नाही. तेथे किंवा राज्याच्या अग्निशमन संचालनालयाकडे प्रत्येक केंद्रातून निदान एक जण पाठवावा, आणि तो परत आल्यावर त्याची बदली पाणीपुरवठा किंवा वसुली विभागात करू नये. हे शेवटचे वाक्य मी अनुभवाने लिहीत आहे.

दुसरी अपेक्षा श्वसनयंत्रांची, म्हणजे बीए सेटची. नवा बंब आला की नारळ फुटतो, फोटो छापून येतो. बीए सेटचे सिलिंडर रिकामे पडले आहेत म्हणून कोणाचा फोटो येत नाही. धूर वाचायला शिकलेला माणूस श्वसनयंत्राविना दारात उभा असेल, तर त्याला जे कळले त्याचा उपयोग फक्त मागे सरकण्यापुरता होतो. जेवढी माणसे आत जाणार तेवढे भरलेले सेट, आणि सिलिंडर भरण्याची सोय तालुक्यातच, एवढे तरी हवे.

तिसरी अपेक्षा सर्वस्वी आपल्या अधिकारातील आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 अन्वये इमारतमालकांनी अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे नमुना ब प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून घेऊन दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत सादर करायचे असते. हे कागद फायलीला लागण्याआधी त्या त्या संकुलात, गोदामात, शीतगृहात केंद्रातील कर्मचाऱ्यांना एकदा फिरवून आणावे. मागचे दार कुठे आहे, पोटमाळे कुठे आहेत, छपराला उघडणारी जागा आहे का, जिना तळघरापासून गच्चीपर्यंत सलग आहे का, हे दिवसाउजेडी पाहिलेल्या माणसाला रात्रीचा धूर समजतो. न पाहिलेल्याला तो नुसता दिसतो.

आणि चौथी, जिच्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले. आगीच्या ठिकाणी अग्निशमन प्रभारी इमारतीची फेरी पूर्ण करून सांगेपर्यंत कोणीही, नगरसेवक असो, दुकानमालक असो की आपण स्वतः, शटर, दार वा खिडकी उघडू किंवा फोडू नये, असा लेखी आदेश प्रत्येक महापालिकेने आणि नगरपरिषदेने काढावा आणि त्याची प्रत स्थानिक पोलीस ठाण्याला द्यावी. आत माणूस अडकल्याची खात्री असेल तेव्हा निर्णय वेगळा होईल. तोही प्रभारीनेच घ्यायचा आहे, आणि अशा वेळी तर चुकीचे दार उघडल्याने आतला माणूस सर्वांत आधी दगावतो. या एका मिनिटाच्या थांबण्याला जमाव हयगय म्हणतो. दुसऱ्या दिवशी ‘बंब आला पण कर्मचारी बघत उभे राहिले’ अशी बातमी येते, प्रभारीकडे खुलासा मागितला जातो, आणि पुढच्या वेळी तो न बघता शटर उचलतो. तो खुलासा मागणारी सही आपली असते. म्हणून वर्दीच्या नोंदवहीत एक रकाना वाढवावा : पोहोचल्यावर धूर कुठून, किती, कसा आणि कोणत्या रंगाचा दिसला, आणि त्यावरून काय ठरवले. ज्या दिवशी खुलासा मागण्याची वेळ येईल त्या दिवशी आधी तो रकाना वाचावा.

नोंदवहीतील या रकान्याचा नमुना आणि चित्रीकरणावरून घ्यायच्या सरावाची रूपरेषा मी तयार ठेवली आहे. जी नगरपरिषद मागेल तिच्या केंद्रावर येऊन विनामोबदला समजावून सांगण्यास मी तयार आहे. एप्रिलच्या सप्ताहाआधी कळवल्यास तिन्ही जिल्ह्यांचे वेळापत्रक बसवता येईल.

कळावे,

आपला विश्वासू,
अग्निशमन सेवेतील एक निवृत्त अधिकारी,
अमळनेर, जि. जळगाव